पोचल्यावर कळव

त्या तरुणाने तिचा दंड धरला, तेव्हा तिला रस्ता ओलांडायचाच नव्हता. दवाखाना सुटल्यावर ती रोजच्यासारखी सिग्नलच्या खांबापाशी उभी होती. दादा गाडी घेऊन तिथेच येणार होता. "चला मावशी, मी आहे," असं म्हणत त्याने हात धरला आणि थांबलेल्या गाड्यांच्या नाकासमोरून तो तिला पलीकडे घेऊन निघाला. पकड घट्ट होती, पण आडदांड नव्हती. आजारी माणसाला बाथरूमपर्यंत न्यावं तशी. अहो, मला पलीकडे जायचं नाहीये, हे वाक्य तिच्या तोंडात तयारही झालं होतं. पण भर रस्त्यात असं काही बोलणं बरं दिसणार नाही असं तिला वाटलं. त्याने एवढ्या मायेने धरलं होतं, बिचाऱ्याचा हिरमोड झाला असता. पलीकडच्या फुटपाथवर त्याने तिला नीट उभं केलं, "जपून जा हं," म्हणाला, आणि ती "थँक्यू" म्हणाली. मग तो गर्दीत दिसेनासा झाला आणि ती नको असलेल्या बाजूला उभी राहिली. या बाजूने तिने आपल्या नोकरीचा दवाखाना कधी पाहिलाच नव्हता. पाटीवर रंगवलेला मोठा कान इथून सुकलेल्या शिंपल्यासारखा दिसत होता. मावशी! एक्कावन्न हे काही हात धरून रस्ता ओलांडायचं वय नव्हे. केस रंगवलेले होते, चष्मा नवा होता. मग त्याला मागून काय दिसलं असेल? खांबाला चिकटलेली, पर्स पोटाशी धरलेली एक बाई, जिला कुठेतरी जायचंय पण पाऊल उचलत नाहीये. आणि तिच्या लक्षात आलं की त्याचं तसं काही चुकलं नव्हतं.

दादा आला तो समोरच्या बाजूला. खांबापाशी ती नाही म्हटल्यावर गाडीतून उतरला, दवाखान्याच्या दाराशी जाऊन आला, कपाळाला हात लावून दोन्हीकडे बघू लागला. ती हात हलवत होती, पण तो तिकडे बघतच नव्हता. मग फोन वाजला. "बेबी, कुठे आहेस तू?" "समोर." "समोर म्हणजे? समोर कशाला गेलीस?" गाडीत बसल्यावरही तो बराच वेळ बोलत होता. जागा सोडायची नाही म्हणून किती वेळा सांगितलं, माणूस घाबरतो, आपल्या वयाला आता हे झेपत नाही. त्याचा श्वास खरोखरच लागला होता. तो तिच्याहून मोठा, निवृत्त झालेला. सगळी नोकरी विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात गेली होती, म्हणजे जळालेली दुकानं, चेपलेल्या गाड्या, जिन्यावरून पडलेली माणसं. जगात काय काय होऊ शकतं याची त्याला पुस्तकी नव्हे, डोळ्यांनी पाहिलेली माहिती होती. तो बोलत होता आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि बघता बघता ती म्हणाली, "दादा, मी परदेशात जाणार आहे. मोठी शहरं बघायला. एकटी." हे आपण म्हणालो हे तिला आवाज कानावर पडल्यावर कळलं. दादाने गाडी बाजूला घेतली. "कोणाबरोबर?" त्याने विचारलं.

घरी वहिनी हसली. वहिनीचं हसणं वाईट नसे. ताटात वाढता वाढता ती कशालाही हसे. "अहो, ती बाजारात गेली तरी दोनदा फोन करते, कोथिंबीर आणू का म्हणून." ठकीने मात्र, दादाच्या मुलीने, मोबाइलमधून मान वर काढली. "आत्या, सीरियसली? कसलं भारी!" ठकी बावीस वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली, आणि तिच्या त्या 'भारी'ने गोष्ट उगाचच खरी होऊन बसली. दादाने जेवण संपवलं. हात धुऊन आला, टॉवेलला पुसत उभा राहिला आणि म्हणाला, "जायचं तर जा. मी अडवणारा कोण? पण मग व्यवस्थित जायचं. वेड्यासारखं नाही." इतक्या वर्षांत तिने काही मागितलंच नव्हतं, म्हणून मागितलं की मिळतं हेही तिला माहीत नव्हतं. आईच्या खोलीत, म्हणजे आता तिच्या एकटीच्या खोलीत, ती पलंगावर जाऊन बसली. दुसरा पलंग अजून तिथेच होता, गादी गुंडाळलेली. शेवटची काही वर्षं आई तिच्या मनगटाला धरूनच झोपायची. ती उठून पाणी प्यायला गेली तरी आई डोळे न उघडता म्हणायची, "पोचल्यावर कळव गं." घरात सगळे याला हसत. तीही हसे. गच्चीवर कपडे आणायला निघाली की वहिनी मुद्दाम ओरडे, "बेबीताई, पोचल्यावर कळवा!"

या मनगटाची एक जुनी हकिकत होती, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. ती लहान असताना एका मोठ्या स्टेशनवर हरवली होती. गाडी बदलायची होती, आईच्या एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात दादा, आणि ती पदर धरून. पदर कधी सुटला कळलंच नाही. तिला आठवतं ते एवढंच, की समोर एकदम माणसांचे पाय होते आणि त्यातले कोणतेही पाय तिचे नव्हते. ती रडली नाही. चालत राहिली. सामानाच्या हातगाड्या होत्या, एक झोपलेला कुत्रा होता, एका बाईने तिला मांडीवर घेऊन वाटीतलं काहीतरी गोड खाऊ घातलं आणि नाव विचारलं, आणि तिने खोटं नाव सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. त्या नावाने ती बाई तिला हाका मारत होती आणि ती ओ देत होती. उन्हाचा एक लांब पट्टा फलाटावर पडला होता, त्या पट्ट्यावरून ती एकटी इकडून तिकडे चालत होती, आणि अंगभर इतका आनंद भरला होता की तो कशाचा आहे हेसुद्धा कळत नव्हतं. मग आई आली. विस्कटलेले केस, फाटलेला आवाज. आधी एक थोबाडीत, मग मिठी, मग रडणं. आणि मनगटावरची ती पकड, जी पुढे शाळा, कॉलेज, नोकरी सगळ्यातून टिकली. कॉलेजला पोचल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी फोन करायचा, दोन वेळा वाजू द्यायचा आणि ठेवून द्यायचा. पैसे पडत नसत आणि आईला कळत असे. लग्नाचं एक-दोनदा ठरत आलं होतं, पण एक स्थळ लांबचं होतं आणि दुसरं त्याहून लांबचं. कोणी नाही म्हटलं नाही. फक्त आई तेवढे दिवस जेवली नाही.

दादाने काम हातात घेतलं म्हणजे काय असतं ते पुढच्या महिन्यांत दिसलं. जेवणाचं टेबल गेलं. तिथे नकाशे आले, विम्याच्या माहितीपत्रकांचे गठ्ठे आले. तीन शहरं होती त्यांची दोन झाली, कारण तिसऱ्या शहरात खिसेकापू फार. हॉटेल स्टेशनजवळ हवं, पण स्टेशनसमोर नको. खोली तळमजल्यावर नको, चोर शिरतात. फार वरही नको, आग लागली तर शिडी पोचत नाही. "चौथा मजला," दादा म्हणाला, "जिन्यापासून जवळ, लिफ्टपासून लांब." पासपोर्टच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. रस्त्यात उभं राहून फोनमध्ये नकाशा बघायचा नाही, परकी माणसं ओळखू येतात. हरवलीस तर थांबायचं नाही, एखाद्या मोठ्या दुकानात शिरायचं. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसायचं. उघड्या ग्लासातून काही प्यायचं नाही. कोणी गोड बोललं तर मान हलवून पुढे जायचं, आणि फारच मागे लागलं तर म्हणायचं की माझा भाऊ येतोय. "इंग्रजीत काय म्हणशील? म्हणून दाखव." ती म्हणून दाखवायची. "मोठ्याने." ती मोठ्याने म्हणायची. वहिनी आतून हसायची आणि ठकी म्हणायची, "बाबा, ती ट्रिपला चाललीये, युद्धावर नाही." दादा चिडायचा नाही. "अगं, मी असे दावे पाहिलेत," एवढंच म्हणायचा, आणि त्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी जळून गेलेलं, मोडून पडलेलं उभं राहायचं. त्याची माया हीच होती. ती कुठून सुरू होते आणि भीती कुठे संपते हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

पण तो काळ तिचा चांगला गेला. नंतर तिला वाटे की खरा प्रवास झाला असेल तर तो तेव्हाच झाला. ठकीने तिला फोनवर त्या शहरांतल्या रस्त्यांचे फोटो कसे बघायचे ते शिकवलं. बोटाने ढकललं की माणूस रस्त्याने पुढे सरकतो. दुपारच्या सुट्टीत डबा संपला की ती आपल्या कानतपासणीच्या खोलीचं दार लावून घेई. काचेपलीकडे आवाज न शिरणारी ती छोटी खोली होती, जिथे ती दिवसभर पेशंटना बसवी, कानांवर हेडफोन चढवी आणि हातात बटण देई. "आवाज आला की दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा." बरेचसे म्हातारे तिने आवाज सोडलेला नसतानाही दाबत. लबाडी नसे ती. आवाज यावा म्हणून जीव टाकून बसलेली माणसं ती, त्यांना तो येतोच. सुट्टीत त्या खोलीत दिवा घालवून ती बसे आणि बोटाने चालत राही. हॉटेलातून निघायचं, उजवीकडे औषधांचं दुकान, मग हिरवं दार, मग एक बाक, झाडाखाली, त्याच्यावर कोणीच नाही. मग संग्रहालयाच्या पायऱ्या. त्या बाकावर आपण बसणार आहोत हे तिने ठरवूनच टाकलं होतं. काही करायचं नाही. नुसतं बसायचं. कोणीतरी शेजारी येऊन बसेल, नाव विचारेल, आणि कदाचित आपण भलतंच नाव सांगू. दवाखान्यातले डॉक्टर एकदा म्हणाले, "काय मॅडम, आजकाल खुशीत?" आणि तिला लाजल्यासारखं झालं.

विमानतळावर तिघंही आली होती. ठकीने तिच्या फोनमध्ये अशी सोय करून दिली होती की ती कुठे आहे ते घरच्यांना दिसावं; नकाशावर एक निळा ठिपका. "आत्या, आता तू हरवूच शकत नाहीस," ठकी म्हणाली. दादाने तिची बॅग दोनदा उघडून पुन्हा बंद केली. आत जाताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, जो त्याने आईच्या दिवसकार्यानंतर कधी ठेवला नव्हता, आणि म्हणाला, "पोचल्यावर कळव." तिने वळून पाहिलं तर तो काचेला नाक लावून उभा होता, आणि एकाएकी किती म्हातारा दिसत होता.

ती पोचली. पोचले, असं कळवलं. लगेच तिघांचे अंगठे आले. खोली चौथ्या मजल्यावर होती, जिन्यापासून जवळ. खिडकीला जाड दुहेरी काच होती. खाली गाड्या, माणसं, सायकली सगळं चाललं होतं आणि आवाज मुळीच येत नव्हता. सकाळी ती नटूनथटून नाही, पण नीट तयार होऊन बाहेर पडली. औषधांचं दुकान होतं. हिरवं दार होतं, पण ते आता करड्या रंगाने रंगवलं होतं. बाकही होता. त्यावर एक माणूस अंगाची जुडी करून झोपला होता, तोंडावर टोपी, पायांत मोजे नाहीत. ती थबकली. तिला त्याचा राग आला, जणू तो तिच्या पलंगावर झोपला होता. बाकाला वळसा घालून ती डाव्या हाताच्या रस्त्याला लागली, कारण तिकडे ऊन होतं. फोन वाजला. "बेबी, डावीकडे का वळलीस?" दादाचा आवाज इतका जवळून आला की तिने मागे वळून पाहिलं. "संग्रहालय उजवीकडे आहे. तिकडे काय आहे?" "काही नाही. ऊन आहे." "ऊन काय बघतेस? सरळ जा." ती परत फिरली. संग्रहालयाच्या पायऱ्यांपाशी शाळेची मुलं दंगा करत होती, तिकिटाची रांग लांबलचक होती, आणि रांगेत तिच्यामागे उभा असलेला माणूस तिच्याशी काहीतरी बोलला, बहुधा रांग हीच का असं विचारत होता. तिने मान हलवली आणि रांगेतून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी तिने एक धाडस केलं. फोन खोलीत उशीखाली ठेवला आणि तशीच निघाली. ठिपका खोलीत झोपून राहणार होता. बाई दमलीये, आराम करतेय, असं घरच्यांना वाटणार होतं. खाली उतरताना तिचे हात इतके हलके झाले होते की ते कुठे ठेवावेत कळेना. ती डावीकडे वळली. पुन्हा डावीकडे. मग एका गल्लीत, मग जिथे खूप सायकली लावल्या होत्या तिथे, मग एका पुलाखालून. रस्ते लक्षात ठेवायचे नाहीत असं तिने ठरवलं आणि ते खरंच लक्षात राहिनासे झाले. आता होईल, असं तिला वाटत होतं. आता ते अंगभर येईल. एका भिंतीवर उन्हाचा पट्टासुद्धा होता. ती त्याच्या कडेकडेने चालली, थांबली, पुन्हा चालली. लोक बाजूने जात होते. कोणाचा धक्का लागत नव्हता, कोणी बघत नव्हतं, कोणी पर्सकडेही बघत नव्हतं. दादाने सांगितलेलं काहीच होत नव्हतं. आणि काहीच होत नाही हे जसजसं स्पष्ट व्हायला लागलं तसतशी ती पर्स पोटाशी घट्ट आवळू लागली. ही भीती चोराची नव्हती. ती त्या भिंतीपाशी उभी राहून विचार करत राहिली की मग कशाची आहे, आणि जे सापडलं ते तिला सापडायला नको होतं. त्या स्टेशनवर आई तिला शोधत होती. सबंध दुपारभर, फलाटाफलाटावर, ओरडत, वेड्यासारखी. तो सगळा आनंद त्या शोधण्याच्या आत होता, अंड्यातल्या बलकासारखा. ती मोकळी फिरत होती कारण कोणीतरी तिच्यामागे येतच होतं. आज तिला कोणी शोधत नव्हतं. दादा निवांत चहा पीत असेल, ठिपका जागेवर आहे म्हणून. या भिंतीपाशी जी बाई उभी होती ती कोणाच्याच नकाशावर नव्हती, आणि ती स्वतःलाही फारशी दिसत नव्हती. तिने मोठ्याने एक नाव उच्चारून पाहिलं, भलतंच कुठलंतरी. कोणी ओ दिली नाही. मग ती धावू लागली. किती तरी वेळाने एका मोठ्या दुकानात शिरली आणि काउंटरवरच्या मुलीला हॉटेलचं नाव सांगताना तिचा आवाज आईसारखा फाटला होता. हॉटेल पाठीमागच्याच रस्त्यावर होतं.

त्यानंतर तिने सोय शोधून काढली. खोलीतच बसून राहावं तर ठिपका हलत नाही आणि दादाचा फोन येतो, बरं नाही का, ताप आहे का, डॉक्टर बोलावू का. म्हणून ती हॉटेलसमोरच्या थांब्यावरून बसमध्ये चढू लागली. जिथून सुटते तिथेच सबंध शहराला वळसा घालून परत येणारी बस. ती ड्रायव्हरच्या मागे बसे. बस संग्रहालयावरून जाई, नदीवरून जाई, उंच मनोऱ्याखालून, फुलांच्या बाजारातून, आणि प्रत्येक ठिकाणी माणसं उतरत, चढत. ती बसून राही. फेरी पुरी झाली की पुन्हा तीच फेरी. संध्याकाळी घरून फोन येई. "आज तर अख्खं शहर पालथं घातलंस गं!" दादाच्या आवाजात असा आनंद तिने कधी ऐकला नव्हता. ठकी मागून ओरडे, "आत्या, मनोऱ्यावर चढलीस का? तिथे बराच वेळ होता ठिपका!" तिथे बसला मोठा सिग्नल लागे. "चढले," ती म्हणे. "वरून कसं दिसतं?" "सगळं लहान दिसतं." वहिनी विचारी, "जेवलात का?" आणि ती जेवलेली असे, खोलीत, कोरडा पाव, खिडकीपाशी उभं राहून.

दुसऱ्या शहरातलं हॉटेल लहान होतं. सकाळी नाश्त्याला खाली चार टेबलं मांडत, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारी बाई एकटीच बसे. काठाला फीत लावलेली गवती टोपी घालून ती जेवणघरातही बसे, आणि अंडं सोलताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटे. पहिल्या दिवशी दोघींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी बाई हसली. तिसऱ्या दिवशी ती आपला कप घेऊन सरळ हिच्या टेबलाशी आली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत, जी हिच्यापेक्षा बरी नव्हती, म्हणाली, "तुम्ही एकटी. मी एकटी. आज नदीवर बोट जाते. येता का? मला एकटीला फार कंटाळा आला." तिच्या ओठाला अंड्याचा पिवळा कण लागला होता. हात म्हातारे, डागाडागांचे. कप ठेवताना त्यातलं थोडं टेबलावर सांडलं. तीही घाबरलेली होती हे अगदी उघड होतं. विचारायला तिला दोन दिवस लागले असणार. इथेही नदी बसमधून दिसायची. पांढऱ्या बोटी, वर बसलेली माणसं, त्यांचे उडणारे केस. हो, येते, एवढे दोन शब्द होते. ते तिच्या तोंडात आले. आणि त्यांच्या पुढे दुसरं एक वाक्य येऊन उभं राहिलं, घोटून घोटून पाठ केलेलं, व्याकरणाची एकही चूक नसलेलं. "माझा भाऊ येतोय," ती म्हणाली. मोठ्याने.

"अच्छा, भाऊ," बाई म्हणाली. तिचं तोंड उतरलं, पण तिने पटकन सावरलं, दोनदा मान हलवली, हिच्या हातावर हलकेच थोपटलं, जणू चूक तिचीच झाली होती. "भाऊ चांगला. छान." आणि आपला कप उचलून कोपऱ्यात गेली. थोड्या वेळाने खोलीच्या खिडकीतून ती दिसली. रस्त्याच्या कडेला टोपी हाताने दाबून धरून उभी होती, वारा होता. दोन्हीकडे बघितलं, नदीच्या बाजूला चार पावलं गेली, थांबली, आणि हॉटेलच्या दाराकडे मागे बघितलं. वर, काचेआड ही उभी होती. जिना जवळ होता. धावत खाली जायला कितीसा वेळ लागला असता! भाऊ येणार नाही, असं नुसतं हातवाऱ्यांनीसुद्धा सांगता आलं असतं. तिने खिडकीच्या काचेवर हात ठेवला. काच गार होती. टोपी कोपऱ्यावरून वळली. पुढच्या सकाळी कोपऱ्यातल्या टेबलावर एक जोडपं बसलं होतं, आणि विचारावं म्हटलं तर काय नावाने विचारायचं, हेच तिच्याजवळ नव्हतं.

परत आल्यावर घरात मोठं कौतुक झालं. दादाने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. "काही हरवलं नाही, काही चोरीला गेलं नाही, साधं डोकंसुद्धा दुखलं नाही," तो सांगे, आणि त्यात त्याचा सगळा जन्म सार्थकी लागल्यासारखा आवाज असे. त्या रविवारी दुपारी जेवायला बसले तेव्हा वहिनीने तिला पहिल्यांदा वाढलं. ठकीने खुर्ची जवळ ओढली. "आत्या, आता नीट सांग. फोनवर तू नुसतं छान छान म्हणायचीस. सगळ्यात बेस्ट काय होतं?" तिने पाण्याचा घोट घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते. कोणी असं तिच्याकडे बघत बसलंय आणि ती बोलायची आहे, असं यापूर्वी घडलं नव्हतं. "खरं सांगू?" ती म्हणाली. "मी बसमधून उतरलेच नाही." वहिनीला हसू फुटलं, मग ठकीला, दादाला तर ठसका लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बेबी विनोद करायला शिकली!" तो म्हणाला. "परदेशाचं पाणी लागलं!" तिने थोडा वेळ वाट बघितली. पण कोणाच्या तोंडावरून हसू उतरेना, तेव्हा तीही हसली.

"आत्या, प्लीज, सांग ना," ठकी म्हणाली. तिच्या डोळ्यांत असं काहीतरी होतं की त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणं तिच्याच्याने होईना. "एक दिवस नदीवर गेले होते," ती म्हणाली. "बोटीने. हॉटेलात एक म्हातारी बाई भेटली होती, तीही एकटीच. मोठी गवती टोपी घालायची. ती म्हणाली, चल. मी म्हटलं, येते." बोलता बोलता तिला दिसायला लागलं. बोटीच्या वरच्या मजल्यावर त्या दोघी बसल्या. वारा इतका की टोपी उडून जाईल म्हणून बाई ती मांडीवर घेऊन बसली, आणि तिचे पांढरे केस लहान मुलीसारखे सगळीकडे झाले. एकमेकींचं बोलणं निम्मं कळायचं नाही. कळलं नाही की दोघी हसायच्या. पुलाखालून जाताना बाईने एकदम मोठ्याने हाक मारली, नुसतीच, आवाज घुमतो का बघायला, आणि म्हणाली तूही मार, आणि हिने मारली. "तू?" ठकी म्हणाली. "हो, मी." "काय हाक मारलीस?" "असंच. काहीतरी नाव." ताटातलं गार होत होतं. उतरताना बाईने तिचा हात धरला होता, पण पडेल म्हणून नाही, नुसताच. हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला आणि वहिनीसुद्धा वाढायची थांबली. "बाई गं," वहिनी म्हणाली, "किती छान. नाव काय तिचं?"

"नाव विचारायचं राहिलं."

दादा मघापासून हसत नव्हता. त्याने हातातला घास ताटात परत ठेवला होता. "थांब," तो म्हणाला. "अनोळखी बाईबरोबर? बोटीत? आणि मला सांगितलं नाहीस?" "अहो, झालं ना आता," वहिनी म्हणाली. "झालं काय? मी काय काय पाहिलंय तुला माहीत आहे? अशाच गोड बोलून नेतात. पाण्यात! तुला पोहता येतं?" त्याला ती बोट दिसत होती, पाणी दिसत होतं, आणि त्यात बुडताना ती दिसत होती. त्याचा चेहरा त्या सिग्नलपाशी शोधतानाच्यापेक्षा पांढरा पडला होता. "मी काय म्हणायला शिकवलं होतं तुला? एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. म्हणाली नाहीस?"

ठकी तिच्याकडे बघत होती, श्वास रोखून, अभिमानाने. ही खाली ताटाकडे बघत राहिली.

"म्हणाले नाही," ती म्हणाली.

"पुन्हा असं करायचं नाही, बेबी. वचन दे मला."

"नाही," ती म्हणाली. "पुन्हा नाही करणार."